वाचकांचे प्रश्न : डेंग्यू दुसऱ्यांदा झाला तर?

पहिल्यांदा साध्या तापावर निभावलेला डेंग्यू दुसऱ्या वेळी जिवावर का बेतू शकतो, याचा शोध अमेरिकी शास्त्रज्ञ डॉ. स्कॉट हॉलस्टेड यांनी 1960 च्या दशकात बँकॉकमध्ये घेतला. त्या संशोधनाबद्दल आणि घरोघरच्या डेंग्यूबद्दल आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना इथे उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. तापाचा रुग्ण घरात असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला आधी, हे सदर नंतर.

मला तीन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, मग डेंग्यू होऊन गेलेल्या माणसालाच जास्त जपायला का सांगतात? — एक वाचक, कोल्हापूर

डेंग्यूचे विषाणू चार आहेत. एकमेकांचे जवळचे नातलग, पण वेगळे. त्यांना डेन-1, डेन-2, डेन-3 आणि डेन-4 म्हणतात. तुम्हाला झाला तो या चारांपैकी एक. त्याच्यापुरते संरक्षण तुम्हाला दीर्घकाळ मिळाले आहे, उरलेल्या तिघांपासून नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पुढे पोलिओ लशीसाठी नावाजलेले अल्बर्ट सेबिन यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत हे दिसले होते. एका प्रकाराचा ताप येऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकारालाही शरीर अजिबात दाद देत नाही, पण ते जेमतेम दोन-तीन महिने. नंतर हे उसने संरक्षण ओसरत जाते.

संरक्षण ओसरले तर माणूस फार तर मूळ पदावर यावा. तो त्याहूनही धोक्यात का येतो, हा खरा प्रश्न. 1954 साली मनिलात आणि 1958 साली बँकॉकमध्ये लहान मुलांत रक्तस्राव आणि शॉकने, म्हणजे रक्ताभिसरण कोसळून, मृत्यू होऊ लागले. विल्यम हॅमन यांनी 1956 च्या मनिलातील साथीत डेन-3 आणि डेन-4 ओळखले. हॉलस्टेड 1961 मध्ये बँकॉकच्या सीटो वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळेत आले तेव्हा इस्पितळात येणाऱ्या गंभीर मुलांचे दोन गट त्यांना दिसले. एक गट वर्षापुढच्या मुलांचा होता. त्यांच्या रक्ताची तपासणी सांगत होती की हा त्यांचा दुसरा डेंग्यू आहे. दुसरा गट वर्षाच्या आतल्या तान्ह्यांचा, आणि त्यांचा मात्र हा पहिलाच संसर्ग होता.

दोन्ही गटांत समान काय? मोठ्या मुलांच्या अंगात आधीच्या डेंग्यूच्या अँटीबॉडी होत्या. तान्ह्यांच्या अंगात त्या आईकडून नाळेतून आलेल्या होत्या. म्हणजे संशयाची सुई आधीच्या आजारपणावर राहत नव्हती, ती अँटीबॉडीवर येत होती. आमच्या मते उष्ण प्रदेशातील रोगांच्या संशोधनात इतका स्वच्छ तर्क क्वचितच सापडतो. एका गटावरून बांधलेला अंदाज दुसऱ्या, वरवर उलट दिसणाऱ्या गटाने पक्का केला.

घडते ते असे. डेन-1 विरुद्ध तयार झालेली अँटीबॉडी डेन-2 ला ओळखते, त्याला चिकटतेही, पण त्याला निकामी करण्याइतकी घट्ट किंवा पुरेशा संख्येने बसत नाही. इंग्रजी वाय अक्षरासारख्या या रेणूचे शेपूट मोकळे राहते. आपल्या मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींवर अशी शेपटे पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. एरवी हे ग्राहक जंतू आत ओढून नष्ट करण्यासाठी उपयोगी पडतात. डेंग्यूचा विषाणू मात्र याच पेशींत वाढतो. म्हणजे त्याला जिथे जायचे तिथे अँटीबॉडीच त्याला नेऊन सोडते. जास्त पेशी बाधित होतात, रक्तात विषाणू वाढतो, त्याचे एनएस-1 हे प्रथिन वाढते, आणि पेशींतून सुटलेली दाहक द्रव्ये व एनएस-1 मिळून केशवाहिन्यांचे अस्तर सैल करतात. रुग्णाला धोक्यात आणते ती ही गळती.

एवढे वाचून घाबरू नका. दुसरे संसर्गही बहुतांश साध्या तापावर संपतात, आणि तिसरा-चौथा संसर्ग गंभीर होणे त्याहून दुर्मीळ आहे. उलट, पहिला डेंग्यू नेहमी सौम्यच असतो असेही धरू नका. 1972 साली पॅसिफिकमधील निउए बेटावर डेन-2 ची साथ आली, तेव्हा पहिल्याच संसर्गात माणसे दगावली. लिऑन रोझेन यांनी त्यावर बोट ठेवून विषाणूच्या वाणाचा जहालपणाही महत्त्वाचा आहे असा आग्रह धरला, आणि तो मुद्दा आजही टिकून आहे.

तुम्ही करायचे ते एवढेच. तीन वर्षांपूर्वीचा अहवाल शोधून फाइलला लावा आणि पुढे कधीही पावसाळी ताप आला तर "मला आधी डेंग्यू झालाय" हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. अँटीबॉडीमुळे संसर्ग वाढतो हे प्रयोगशाळेत कसे दाखवतात? आणि माणसांत ते सिद्ध झाले आहे का? — एक विद्यार्थिनी, नांदेड

पेशी कोणत्या निवडता, यावर या प्रयोगाचे सगळे यश आहे. विषाणू निकामी होतो की नाही हे मोजण्याची नेहमीची पद्धत व्हेरो पेशींवर केली जाते. या माकडाच्या मूत्रपिंडातील पेशी. त्यांच्यावर अँटीबॉडीचे शेपूट पकडणारे एफसी ग्राहक नसतात. त्यामुळे तिथे अँटीबॉडी एक तर विषाणूला थोपवते किंवा काहीच करत नाही. वाढ दिसायला जागाच नाही. म्हणून वाढीसाठी के-562 ही मानवी रक्तकर्करोगातील पेशींची ओळ वापरतात. तिच्यावर एफसी-गॅमा ग्राहक 2 असतो, आणि अँटीबॉडीशिवाय डेंग्यूचा विषाणू तिच्यात फारसा शिरत नाही. पार्श्वभूमी स्वच्छ मिळते ती यामुळे.

सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचा अँटीबॉडी असलेला द्रव, 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे ठेवून त्यातील कॉम्प्लिमेंट ही जंतुनाशक प्रथिने निष्क्रिय करा. मग चौपट किंवा दहापटीने विरळ करत न्या. सुरुवात 1:10 ने करून निदान 1:10,000 पर्यंत जाच. प्रत्येक विरलनात ठरलेल्या मात्रेचा विषाणू मिसळून 37 अंशांवर एक तास ठेवा, त्यानंतर पेशी घाला. एक ते दोन दिवसांनी पेशी स्थिर करून विषाणूचे प्रथिन ओळखणाऱ्या 4जी2 या अँटीबॉडीने रंगवा आणि फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्रावर बाधित पेशींचे प्रमाण मोजा. सोबत तुलनेसाठी तीन नियंत्रणे हवीत: सीरमशिवाय विषाणू, डेंग्यू न झालेल्या व्यक्तीचे सीरम, आणि एफसी ग्राहक आधीच झाकून टाकलेल्या पेशी. तिसऱ्या नियंत्रणात वाढ नाहीशी झाली, तरच ती ग्राहकामार्फत होती असे म्हणता येते. हे नियंत्रण बरेच जण गाळतात आणि मग निष्कर्ष लंगडा पडतो.

चूक होते ती बहुधा विरलनात. घट्ट सीरमच्या नळीत विषाणू थोपवलेला दिसतो. विरळ करत गेले की एका टप्प्यावर बाधित पेशी एकदम वाढतात, आणखी विरळ केले की पुन्हा खाली येतात. एकाच विरलनावर चाचणी करून "हे सीरम संरक्षक आहे" असे लिहिले तर तेच सीरम दहापट विरळ झाल्यावर काय करते हे कळतच नाही. आणि शरीरात अँटीबॉडी वर्षागणिक विरळ होत असतात, हे विसरून चालणार नाही.

हॉलस्टेड यांनी 1977 मध्ये मोनोसाइट पेशींत ही वाढ दाखवली. 1979 मध्ये त्यांनी माकडांना आधी डेंग्यूच्या अँटीबॉडी असलेले मानवी सीरम टोचले, मग डेन-2 दिला. नियंत्रण गटापेक्षा काही माकडांच्या रक्तात विषाणू 50 पटींपर्यंत वाढला. त्याआधी 1964 मध्येच ऑस्ट्रेलियात रॉयस हॉक्स यांनी याच कुळातील विषाणूंबाबत कोंबडीच्या गर्भातील पेशींत असे निरीक्षण नोंदवले होते. त्या वेळी त्याकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही.

माणसांत मुद्दाम प्रयोग करता येत नाही, पण क्यूबाच्या इतिहासाने तो करून ठेवला आहे. 1977 मध्ये तिथे डेन-1 ची साथ आली, 1981 मध्ये डेन-2 ची. दुसऱ्या साथीत 3 लाख 44 हजारांहून जास्त रुग्ण आणि 158 मृत्यू नोंदले गेले, त्यांतील 101 मुले होती. मग बराच काळ बेट डेंग्यूमुक्त राहिले. 1997 मध्ये सांतियागो दे क्यूबा शहरात डेन-2 परतला. या वेळी गंभीर रुग्ण जवळजवळ सगळे प्रौढ होते. 1977 नंतर जन्मलेल्यांनी डेन-1 पाहिलाच नव्हता, त्यामुळे ती पिढी वाचली. मारिया ग्वादालुपे गुझमान आणि हवानाच्या पेद्रो कोरी संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून आणखी एक बाब दाखवली: दोन संसर्गांमधील अंतर 4 वर्षांवरून 20 वर्षांवर गेले तेव्हा आजार अधिक गंभीर झाला.

नेमका आकडा मिळाला निकाराग्वात. मनाग्वातील मुलांचे दरवर्षी रक्त साठवून एव्हा हॅरिस यांच्या गटाने 40,000 हून जास्त नमुने तपासले. लिआ कात्झेलनिक यांच्यासह त्यांनी 2017 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की अँटीबॉडीचे प्रमाण 1:21 ते 1:80 (रक्त इतके विरळ केले तरी त्या ओळखू येतात) या पट्ट्यात असलेल्या मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका सुमारे साडेसात पट होता. अजिबात अँटीबॉडी नसलेली मुले आणि भरपूर असलेली मुले, दोन्ही त्या तुलनेत सुरक्षित. हा आकडा त्यांच्या विशिष्ट एलायझा (अँटीबॉडी मोजण्याची प्रयोगशाळा चाचणी) पद्धतीचा आहे, तो आपल्या गल्लीतल्या लॅबच्या आयजीजी (रक्तात दीर्घकाळ टिकणाऱ्या अँटीबॉडी) अहवालाशी ताडून पाहू नका.

बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशींचे काम वेगळे, आणि तेही महत्त्वाचे आहे. श्रीलंकेतील रक्तदात्यांवरील अभ्यासात अनेक बाजूंनी काम करणाऱ्या टी-पेशी संरक्षक दिसल्या. त्यांचा बराचसा रोख विषाणूच्या आतल्या, एनएस-3 आणि एनएस-5 सारख्या प्रथिनांवर असतो. पुढे लशीच्या उत्तरात हे लागेल.

गरोदरपणी मला डेंग्यू झाला होता. बाळ आता पाच महिन्यांचे आहे. माझ्याच अँटीबॉडी त्याला बाधतील का? अंगावर पाजणे थांबवू का? — एक वाचिका, ठाणे

पाजणे अजिबात थांबवू नका. प्रश्नातील अँटीबॉडी आयजीजी जातीच्या असतात, त्या नाळेतून जन्माआधीच बाळाकडे गेलेल्या आहेत. दुधातून जातात त्या मुख्यतः आयजीए, आणि त्या पांढऱ्या पेशींत विषाणू शिरवत नाहीत.

नाळेतून आलेल्या अँटीबॉडी साधारण 40 दिवसांत निम्म्या होतात. उदाहरणादाखल, जन्मतः प्रमाण 1:640 असेल तर 200 दिवसांनी, पाच वेळा निम्मे होऊन, ते 1:20 उरते. म्हणजे पहिले काही महिने बाळ आईच्या अँटीबॉडीने झाकलेले असते, साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान त्या अपुऱ्या पडतात, आणि वर्षाच्या आसपास संपतात. मधला काळ जपण्याचा. बँकॉकमधील 1988 च्या अभ्यासात आईच्या रक्तातील प्रमाणावरून तिचे बाळ कोणत्या वयात गंभीर आजारी पडेल याचा मेळ लागला होता. धोक्याच्या काळातही डेंग्यू व्हायला डास चावावा लागतो, म्हणून दिवसा झोपतानाही बाळाला मच्छरदाणीत ठेवा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त.

ताप आलाच तर तान्हे बाळ "पोट दुखते" असे सांगत नाही. हातपाय गार पडणे, दूध न ओढणे, सारखी उलटी, नेहमीपेक्षा गुंगीत राहणे किंवा किरकिर न थांबणे, सहा तास लंगोट कोरडा: यातले एकही दिसले तर रात्र असली तरी इस्पितळ गाठा.

अहवालात एनएस-1 निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह आले. एक डॉक्टर डेंग्यू म्हणतात, लॅबवाले नाही म्हणतात. — एक वाचक, सातारा

तापाचा कितवा दिवस होता हे पत्रात नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. एनएस-1 हे विषाणूचे प्रथिन पहिल्या दिवसापासून सापडते, पाचव्या दिवसानंतर चाचणीचा भरवसा घटतो. आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर आधी बनणारी अँटीबॉडी, चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागते, दहाव्या दिवशी जवळजवळ सगळ्यांत असते आणि दोन-तीन महिन्यांत विरते. हे झाले पहिल्या डेंग्यूचे वेळापत्रक.

दुसऱ्या डेंग्यूत ते बिघडते. अंगात आधीच असलेल्या अँटीबॉडी एनएस-1 ला धरून बसतात, त्यामुळे चाचणी लवकर निगेटिव्ह येते. आयजीएम कमी बनते, कधी दिसतही नाही. आयजीजी मात्र पहिल्या आठवड्यातच भसकन वाढते. म्हणजे तुमचा अहवाल दोन अर्थ सांगू शकतो: कधीतरी जुना डेंग्यू झाला होता आणि आताचा ताप दुसराच आहे, किंवा हा दुसरा डेंग्यू आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017-18 च्या पाहणीत देशात 48.7 टक्के लोकांत डेंग्यूच्या आयजीजी सापडल्या, 5 ते 8 वर्षांच्या मुलांतही 28.3 टक्के. त्यामुळे नुसत्या आयजीजीवर निदान करता येत नाही.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा नमुना द्या आणि तो एलायझावर तपासायला सांगा. पट्टीवरच्या झटपट कार्डाचा निकाल शासन पक्का धरत नाही. साथींवर लक्ष ठेवणाऱ्या शासकीय पहारा केंद्रांतील आयजीएम एलायझाचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत बनते. तोवर उपचार निकालासाठी अडवू नयेत. तुमच्या डॉक्टरांनी लक्षणांवरून डेंग्यू धरून चालणे योग्यच आहे. सातारा-कोकण पट्ट्यात लेप्टो आणि स्क्रब टायफस हे जिवाणूंचे तापही त्याच दिवसांत असतात. त्यांना प्रतिजैविक वेळेत लागते, म्हणून त्यांचीही शंका बोलून दाखवा.

प्लेटलेट किती झाल्या की चढवायच्या? पपईच्या पानांचा रस द्यावा का? — नागपूर, जळगाव, सोलापूर येथून पत्रे

सर्वांत जास्त पत्रे या प्रश्नाची. आमचे स्पष्ट मत: घरातले सगळे जण प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात आणि त्याच कागदावर दोन ओळी वर असलेला पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा टक्का), कुणी वाचत नाही. डेंग्यूत शॉक येतो तो केशवाहिन्यांच्या गळतीने. माठातून पाणी पाझरावे तसा रक्तातला द्रव बाहेर पाझरतो, पेशी आतच राहतात, रक्त घट्ट होते आणि पीसीव्ही चढतो. मूळच्या आकड्याच्या 20 टक्के वाढ म्हणजे गळती चालू आहे.

इथे आपल्याकडची एक अडचण येते. अनेक बायका-मुलींचा पीसीव्ही रक्तक्षयामुळे मुळातच 30 असतो. तो 36 झाला की लॅबच्या छापील मर्यादेत बसतो आणि सगळे निश्चिंत होतात. वास्तविक ती नेमकी 20 टक्के वाढ आहे. म्हणून तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच एक रक्ततपासणी करून ठेवावी, पुढच्या आकड्यांची तुलना तिच्याशी करता येते.

धोका कधी? ताप उतरतो तेव्हा. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप जातो, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, आणि पुढचे 24 ते 48 तासच गळतीचे असतात. ताप उतरूनही रुग्णाला बरे वाटत नसेल, पोटात सतत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्या-नाकातून रक्त येत असेल, तो सुस्त किंवा अस्वस्थ असेल, तर लगेच दाखल करा. रक्तदाब 100/80 दिसला म्हणून समाधान मानू नका. वरच्या-खालच्या आकड्यांतील अंतर 20 किंवा त्याहून कमी झाले की तो शॉक धरतात. अंगठ्याचे नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर तीही तीच खूण.

दाखल झाल्यावर नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट देतात. धोक्याची लक्षणे आहेत पण शॉक नाही, अशा रुग्णाला तासाला दर किलोमागे 5 ते 7 मिलिलिटर, एक-दोन तास. मग 3 ते 5, मग 2 ते 3, प्रत्येक टप्प्यावर पीसीव्ही, नाडी आणि लघवी पाहून. लघवी तासाला दर किलोमागे अर्धा मिलिलिटर होत असेल तर द्रव पुरेसा आहे. जास्त सलाईन म्हणजे जास्त काळजी असे मुळीच नाही. गळती 48 तासांत थांबते, बाहेर गेलेला द्रव आपोआप रक्तात परततो, आणि तेव्हाही बाटल्या चालूच राहिल्या तर फुप्फुसांत पाणी भरते. डेंग्यूतून वाचलेला रुग्ण सलाईनने दगावू शकतो. "अजून एक बाटली लावा ना" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

प्लेटलेट 10,000 च्या खाली गेल्या किंवा लक्षणीय रक्तस्राव होत असेल तर चढवण्याचा विचार करावा, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. सिंगापूर आणि मलेशियात 20,000 किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या 372 प्रौढांवर चाचणी झाली. प्लेटलेट चढवलेल्यांपैकी 21 टक्क्यांना आणि न चढवलेल्यांपैकी 26 टक्क्यांना रक्तस्राव झाला. हा फरक योगायोगाचा धरावा इतका कमी होता. चढवलेल्या गटात दुष्परिणाम मात्र जास्त आढळले. 50,000 ला घाबरून रात्री रक्तपेढ्या पालथ्या घालण्याची गरज नाही.

पपईच्या पानांच्या रसाने गळती थांबत नाही. आजार उतरणीला लागला की प्लेटलेट स्वतःहून वाढतात आणि श्रेय रसाला मिळते. कडू रसाने उलट्या वाढतात, हे नुकसान मात्र खरे. त्याऐवजी ओआरएस, ताक, भाताची पेज, शहाळे द्या. नुसते साधे पाणी पुरत नाही. कोकम, बीट, डाळिंब यांची लाल सरबते त्या दिवसांत टाळा, उलटी झाली तर रंग कुणाचा आणि रक्त कुणाचे हे कळत नाही. तापाला पॅरासिटामॉलच: मुलांना दर किलोला 10 मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन नको, कारण ती पोटात रक्तस्राव घडवू शकतात.

झिका झालेल्याला पुढे डेंग्यू झाला तर? — एक वाचक, पुणे

झिकाही याच कुळातला आहे, म्हणून प्रश्न रास्त आहे. निकाराग्वाच्या त्याच मुलांच्या गटात आधी झिका झालेल्यांना नंतर डेन-2 ची लक्षणे येण्याचा धोका वाढलेला आढळला. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसरला राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला आणि 2024 मध्ये पुण्यात पुन्हा रुग्ण निघाले. अशा व्यक्तींनी पुढच्या तापात आधीच्या डेंग्यूइतकेच महत्त्व आधीच्या झिकाला द्यावे. झिकाच्या अँटीबॉडी डेंग्यूची आयजीजी चाचणीही खोटी पॉझिटिव्ह दाखवू शकतात.

आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी येते. पाणी साठवायचे नाही तर काय करायचे? — एक वाचिका, लातूर

साठवा, पण झाका. अंडी ते डास हा प्रवास उन्हाळ्या-पावसाळ्यात सात ते दहा दिवसांचा, म्हणजे तुमच्या पाण्याच्या पाळीएवढाच. पिंप, बॅरलवर झाकण ढिले असेल तर सुती कापड ताणून दोरीने बांधा. पिंप रिकामे झाले की पुन्हा भरण्यापूर्वी आतून, विशेषतः पाण्याच्या रेषेच्या वर, काथ्याने घासा. अंडी तिथे चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने जगतात. नुसते पाणी ओतून देण्याचा कोरडा दिवस म्हणूनच निम्माच उपयोगी. रिकामी न होणारी हौद-टाकी असेल तर गप्पी मासे मागा.

मी लंडनला राहतो, दरवर्षी गणपतीला सांगलीला येतो. डेंग्यूची लस घ्यावी का? भारतात ती केव्हा मिळेल? — एक वाचक

लशीची गोष्ट हॉलस्टेड यांच्या संशोधनाशी थेट जोडलेली आहे. सनोफी कंपनीची डेंगव्हॅक्सिया ही पहिली लस. तिचा सांगाडा पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा होता, त्यावर डेंग्यूची फक्त बाहेरची प्रथिने चढवलेली. एनएस-1, एनएस-3, एनएस-5 ही सगळी पीतज्वराची. म्हणजे टी-पेशींना डेंग्यूची ओळख अर्धीच होत होती. फिलिपिन्सने एप्रिल 2016 मध्ये शाळांतून ती द्यायला सुरुवात केली, 8 लाखांहून जास्त मुलांना दिली. हॉलस्टेड यांनी तेव्हाच इशारा दिला होता की ज्यांना डेंग्यू कधी झालेला नाही, त्यांच्यासाठी ही लस पहिल्या संसर्गासारखी ठरेल आणि नंतरचा खरा संसर्ग दुसऱ्यासारखा वागेल.

कंपनीकडे चाचणीतील बहुतेक मुलांचे लशीपूर्वीचे रक्तच नव्हते. मग शास्त्रज्ञांनी युक्ती केली. लशीत डेंग्यूचे एनएस-1 नाही, तेव्हा लशीनंतरच्या रक्तात डेंग्यू एनएस-1 विरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या तर त्या खऱ्या डेंग्यूच्या. असे गट पाडल्यावर इशारा खरा निघाला, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये कंपनीने तो जाहीर केला. फिलिपिन्सने कार्यक्रम थांबवला. पालकांचा विश्वास इतका ढासळला की 2019 मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. लशीपूर्वीचे रक्त साठवण्याचा खर्च वाचवू नये, हा धडा आमच्या मते आजही पुरेसा गिरवला जात नाही.

आता तुमच्याबद्दल. ब्रिटनमध्ये मिळते ती ताकेदा कंपनीची क्यूडेंगा, सांगाडा डेन-2 चा. डेंग्यू न झालेल्यांना डेन-3 पासून ती संरक्षण देते असे चाचणीत दिसले नाही. म्हणून ब्रिटनचे तज्ज्ञ आधी डेंग्यू झालेल्या प्रवाशांसाठीच तिचा विचार करायला सांगतात. त्यामुळे पहिला प्रश्न असा की तुम्हाला सांगलीत लहानपणी डेंग्यू झाला होता का? अहवाल असेल तर तो प्रवास-आरोग्य दवाखान्यात न्या.

भारतात पॅनेशिया बायोटेकची डेंगीऑल तिसऱ्या टप्प्यात आहे. ऑगस्ट 2024 मध्ये रोहतकला पहिला डोस देऊन चाचणी सुरू झाली, उद्दिष्ट 10,335 प्रौढ स्वयंसेवकांचे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही याच मुळाच्या लशीवर काम करते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टीफन व्हाइटहेड यांच्या गटाने डेंग्यूच्या विषाणूच्या जनुकसाखळीतून 30 अक्षरांचा तुकडा काढून तो दुबळा केला, ते हे मूळ. एकच डोस, आणि आतली प्रथिनेही डेंग्यूचीच. ब्राझीलच्या बुतांतान संस्थेने त्याच बीजावर बनवलेल्या लशीची दोन वर्षांतील परिणामकारकता 79.6 टक्के आली. मात्र त्या काळात तिथे डेन-3 आणि डेन-4 फिरतच नव्हते, त्यामुळे तो आकडा डेन-1 आणि डेन-2 पुरता आहे. 2025 मध्ये ब्राझीलने तिला मान्यता दिली. भारतातील चाचणीचे निकाल चारही प्रकारांसाठी स्वतंत्रपणे आणि आधी डेंग्यू झालेल्या व न झालेल्यांसाठी वेगवेगळे मांडले जावेत, ही मागणी वाचकांनीही लावून धरावी.

क्यूडेंगाचे दोन डोस तीन महिन्यांच्या अंतराने असतात. ती जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना देत नाहीत. गणपतीपूर्वी दोन्ही पूर्ण व्हायचे तर पहिला डोस एप्रिलअखेर घ्यावा लागेल.